आण्णांची धूरपट्टी

आमच्या नव्या गाडीपुढं बायको नारळ वाढवत होती, आणि शेजारचे आण्णा टेप घेऊन गाडीची लांबी मोजत होते. मग त्यांनी माझ्या हातात नोटीस ठेवली. 'धूरपट्टी. माणसं तीन, पूर उतरेपर्यंत.' मी हादरलोच.

आण्णा महापालिकेच्या घरपट्टी विभागातून निवृत्त झालेले. पंचगंगेचं पाणी वरचेवर खालच्या गल्लीत शिरू लागलं, तेव्हा त्यांनी आमच्या उंचावरच्या गल्लीवर हा कर बसवला. पैसे द्यायचे नाहीत. पुरात घर बुडालेली माणसं घरात घ्यायची. सायकल माफ, मोटारीला तीन, एसीला वर दोन.

समोरच्या बंगल्यातले डॉक्टर भडकले. दोन मोटारी, तीन एसी.

"आण्णा, सरकारला टॅक्स भरतोय की आम्ही!"

"भरताय की. पर हवा तापवायची तुम्ही, आन् गाळ उपसायचा खालच्या गल्लीनं?"

"त्यांच्या चुलीला धूर नसतो होय?"

"त्यो पोटाचा हाय, डॉक्टर. तुमचा मिरवायचा हाय."

आम्ही हसलो. नोटीस मी वाचत्या पुस्तकात खूण म्हणून घातली.

पुढच्याच पावसाळ्यात आण्णा भिजलेली माणसं घेऊन दारोदार फिरले. माझ्या वाट्याला एक म्हातारी, तिची सून, नात आणि एक शेळी.

"शेळी नोटिशीत नाही, आण्णा."

"शेळीला गाडी हाय व्हय? माफ. घ्या आत."

डॉक्टरांनी चक्क बारा माणसं घेतली. आण्णांकडं गाडी नव्हती, एसी नव्हता; तरी त्यांच्या दोन खोल्यांत अकरा जण. विचारलं, तर म्हणाले, "माजी पट्टी मोठी हाय."

यंदा वैशाखात आण्णा गेले. मुलगा परदेशातून आला. दिवसकार्य उरकल्यावर आम्ही दोघांनी कपाटातली फाईल उघडली. आण्णांनी दरवर्षी स्वतःलाच नोटीस काढली होती: 'मुलगा येणार. विमान, येऊन-जाऊन. माणसं अकरा.' पुराच्या प्रत्येक वर्षी खाली लाल शाईत शेरा: 'आला नाही. पट्टी भरली.'

मुलगा एकेक शेरा वाचत राहिला. सगळ्यात वर यंदाची नोटीस होती. शेऱ्याची जागा कोरी.

निघताना रिक्षा दारात आली, तेव्हा त्यानं घराची किल्ली माझ्या हातात ठेवली.

"अकराच ना, काका?"