आर्बोरिस्ट देवरावजी

अमरावतीला आमच्या समोर राहणारे देवरावजी फाटकात आले, की आधी आमच्या अंगणातल्या कडुलिंबाची विचारपूस करत. "बरा दिसून राहिला आज." माझ्या तब्येतीबद्दल अवाक्षर नाही.

त्यांच्या दारावर हातानं रंगवलेली पाटी होती : 'देवराव, आर्बोरिस्ट'. दाताचा डॉक्टर समजून एकानं बेल वाजवली, तर त्याला बसवून यांनी अर्थ सांगितला. "लॅटिनमंदी आर्बर म्हनजे झाड. त्याची निगा राखनारा तो आर्बोरिस्ट. तोडनारा नाई, बाप्पा!" दात दुखतच राहिला.

मी तेव्हा शाळेत मराठी शिकवायची आणि सगळी भाषा आपल्याच पदराला बांधलीय अशा थाटात चालायची. 'वृक्षतज्ज्ञ' लिहा म्हणून रोज टोचायची. हे ऐकून आता नात विचारते, "आजी, तू इतकी आगाऊ होतीस?" होते.

"लय चांगला शब्द हाये, बाई," देवरावजी म्हणत. "तुमच्या दारावर लावा."

एकदा वादळात कडुलिंबाची फांदी मोडली. फाटकाचा उरलेला हिरवा ऑइलपेंट मी त्या जखमेवर फासला आणि कौतुकाची वाट बघत उभी राहिले.

"बाई, जखमेले लिपस्टिक काहून लावून राहिल्या? झाड आपली जखम आपन भरते. आपन फकस्त आडवं नाई यायचं."

शेजारणी हसल्या. मी भडकले. "जन्मभर वीज मंडळात राहून तारांखालच्या फांद्या तोडल्या तुम्ही! गाव झाडतोड्या म्हणतं. पाटीनं कुऱ्हाड लपते का?"

"नाई लपत," ते शांतपणे म्हणाले. "पोरीले शाळेत तसंच चिडवत. रडत आली एक दिवस. मंग तिनंच डिक्शनरीतून हा शब्द धुंडला, पाटी रंगवली. म्हने, बाबा, आता असंच वागायचं. तवापासून तारेले लागन तेवढीच फांदी काढली. सायबाच्या शिव्या खाल्ल्या."

"कुठे असते ती?"

"अकोल्याले लगन करून देल्ली. मोठं घर हाये. तिथं सांगतलं तिनं, बाबा हापिसात सायेब होते म्हनून. मी जात नाई. गेलो, का कोन्या झाडापाशी थांबीन, आन तोंडातून खरं काय ते निघूनच जाईन."

त्यानंतर 'वृक्षतज्ज्ञ' हा शब्द मी पुन्हा काढला नाही. मराठीच्या बाईनं.

पुढच्या आठवड्यात गल्लीत कुणी विचारलं, "झाडतोड्याचं घर कोनतं?" मी त्याला भर उन्हात उभं करून लॅटिनपासून सगळं समजावलं, चांगलं मोठ्यानं. समोरच्या खिडकीत देवरावजी पाठमोरे उभे होते. माझं संपेपर्यंत हलले नाहीत.