उमरानने आणलेलं शांत गाढव

इन्साफबाईंना सलग सात दिवस शांत झोप लागली, तर उमरानच्या पदरात अकरा निवृत्त शिक्षिका पडणार होत्या. म्हणजे सहाही खोल्या नोव्हेंबर ते फेब्रुवारी भरलेल्या. झोप लागली नाही, तर खजुराच्या बागेतलं मातीचं पाहुणेघर बंद करून त्याला पुन्हा मिठाच्या खाणीत फावडं धरावं लागणार होतं.

ही तेव्हाची गोष्ट, जेव्हा इजिप्तच्या वाळवंटातल्या आमच्या सिवात बस आठवड्यातून दोनदाच यायची आणि ती खरंच आली का, हे बघायला निम्मं गाव चौकात जमायचं. इन्साफबाई तरुणपणी आमच्या शाळेत दोन वर्षं शिकवून अलेक्झांड्रियाला परतल्या होत्या. आता त्यांचं पत्र आलं होतं : 'तेव्हाची शांतता अजून आहे का तुमच्याकडे? असेल, तर हिवाळ्यात मैत्रिणींनाही आणीन.' उमरानने 'शांतता' या शब्दाखाली तीन रेघा मारल्या आणि तो शेजारच्या मेक्कीकाकांकडे गेला. काकांचं गाढव रोज पहिल्या अजानीच्या आधी बाग हादरवायचं.

"काका, आठवडाभर याला कुठेतरी पाठवा ना."

"माझं गाढव काय हजला जातंय? ऑलिव्हची पोती कोण वाहील, तू?"

"दोन दिवस कळ काढा. मग मी दुसरं आणून देतो."

"दोनच. तिसऱ्या दिवशी गाड्याला तुला जुंपीन."

गाढव काकांच्या मेहुण्याकडे गेलं. पाठोपाठ उमरानचा कोंबडाही सासुरवाडीला गेला. त्याच संध्याकाळी इन्साफबाई बसमधून उतरल्या. पहिल्या सकाळी इन्साफबाई खाली आल्या त्या डोळे सुजवून.

"झोप लागली ना, बाई?"

"कुठली!"

उमरानने विहिरीची करकरणारी कप्पी काढून ठेवली. दुसऱ्या सकाळी बाईंनी अंड्यांना हात लावला नाही. "उद्याच्या बसचं तिकीट मिळेल का रे?" एवढंच म्हणाल्या.

"आता कोण ओरडतंय?" उमरानने बायकोला विचारलं.

"तू सोडून कुणी नाही," फतहिया म्हणाली. "आता पाणी दोरीने हाताने ओढते मी. तेही श्वास रोखून."

तेवढ्यात काकांचं बोलावणं आलं. मुदत संपली होती. उमरान संध्याकाळी धावत तळ्यापलीकडे मावसभाऊ हमूदाकडे गेला. "गाढव दे. पण शांत पाहिजे."

"हे घे. परवाच एका फिरत्या व्यापाऱ्याकडून घेतलंय. आल्यापासून तोंड उघडलेलं नाही. देव माणूस आहे अगदी."

आता सिवात गाढव पारखताना दात बघतात, खूर बघतात. शेपटीखाली कुणी बघत नाही. गावात गाढविणी ठेवायच्याच नाहीत, त्या दूर पूर्वेच्या गावातच राहायच्या, हा आजोबा-पणजोबांपासूनचा नेम. गावातलं गाढव म्हणजे नर, हे इतकं पक्कं की त्यात बघायचं काय? उमरानने अंधार पडता पडता ते शांत गाढव आणून बागेच्या कुंपणाला बांधलं. सकाळी काकांना द्यायचं होतं.

पहाटे पहिला आवाज चौकाच्या बाजूने आला. त्याला तळ्याकडून उत्तर आलं. मग चारी दिशांनी. उमरान अंथरुणातून उठेपर्यंत कुंपण आडवं झालं होतं. पुदिन्याच्या वाफ्यात चौदा गाढवं गळा काढून उभी होती. पंधरावं गाड्यासकट आलं होतं, आणि गाड्यावर पिठाच्या पोत्यांत बसून भटारी ओरडत होता, "अरे, याला ब्रेक नाही!" सोळावं मेक्कीकाकांचं. मेहुण्याचा खुंटा गळ्यात घेऊन ते सगळ्यांत वरच्या पट्टीत होतं.

काका कंदील घेऊन आले, खाली वाकले आणि कपाळाला हात लावून उठले. "उमऱ्या, गाढवा! ही गाढवीण आहे!"

एवढ्यात गच्चीवर इन्साफबाई दिसल्या. अंगाला शाल, केस मोकळे. उमरान पिठात गुडघे टेकून म्हणाला, "बाई, माफ करा. बॅग मी उचलतो."

"बॅग कशाला?" बाईंचे डोळे भरले होते. "अरे, ऐकू येतंय मला!"

"आं?"

"तेव्हा मी याच आवाजाला उठायचे. मागोमाग कोंबडा, मग कप्पी. दोन रात्री कान लावून जागी आहे, काही म्हणजे काही नाही! जवळचं बोलणं कळतं, पण दूरचं काहीच नाही; मला वाटलं, कान गेले. डॉक्टरकडेच निघाले होते." त्या कठड्यावर बसल्या. "फतहिया, चहा टाक गं. शाळेला उशीर झाल्यासारखं वाटतंय."

हिवाळ्यात अकराही जणी आल्या. बाईंनी त्यांना पहाटेचं इतकं वर्णन करून सांगितलं होतं, की उमरानने मेक्कीकाकांशी करारच केला : गाढवाने रोज ओरडायचं, उमरानने रोज दोन मापं जव द्यायचे. आठवडाभर जव खाऊन गाढव असं सुस्तावलं, की ऊन वर येईपर्यंत उठेना.

तरीही पाहुणेघरात एक पहाट चुकली नाही. फक्त जानेवारीत एका शिक्षिकेने न्याहारीला विचारलं, "तुमच्या गाढवाला सर्दी झालीय का हो?"

"थंडी आहे ना," फतहिया म्हणाली आणि नवऱ्यापुढे मधाचं गरम पाणी ठेवलं.

तर एकूण असं झालं : शिक्षिकांना पहाट मिळाली, गाढवाला जव मिळाले, आणि पुढच्या वर्षी हमूदाला एक शिंगरू मिळालं. खोल्यांचं भाडं उमरानला मिळालं, पण ते किती मिळालं हे त्याला मार्चपर्यंत कुणाला सांगता आलं नाही. घसा पार बसला होता.