गुणवंतरावांच्या गुडघ्यातला चोर

या बाप्पा, थोडे जवळ सरका. मांडी घालून बसवत नसेल तर पाय लांब करा. एका चोरीची गोष्ट सांगतो. चोरीला गेली होती एका कीर्तनकाराच्या उजव्या गुडघ्यातली कूर्चा, म्हणजे दोन हाडांच्या मधला तो गुळगुळीत थर.

तपास लच्छूभाऊंकडे होता. मी कीर्तनात पेटी वाजवतो आणि उरलेल्या वेळात त्यांचा सहायक असतो. भाऊ स्वतःची ओळख अशी करून देतात: "वनखात्याच्या नाक्यावर तीस वर्षं काढली. ट्रकच्या आवाजावरून आत सागवान किती ते सांगत होतो. वाघ मले पाह्यलं का रस्ता बदलवते." वाघाचं मला पटतं. भाऊ बोलायला लागले की मीही रस्ता बदलतो.

गुणवंतराव एकोणीस वर्षं मार्कंड्याच्या महाशिवरात्रीच्या जत्रेत कीर्तन करत आले. अडीच तास उभं राहायचं, कशाला टेकायचंही नाही, असा नेम. यंदा गुडघा वाकला की आतून करकर वाजे, आणि महाशिवरात्र बावीस दिवसांवर आली होती. उभं राहवलं नाही तर कीर्तन कायमचं सोडीन, असं ते घरात बोलूनही बसले होते. एक्स-रेत कूर्चा झिजलेली दिसली.

"आपोआप काई झिजत नाई," भाऊ म्हणाले. "कोनीतरी खाऊन राह्यलं."

पहिला संशय पलीकडच्या गावच्या कीर्तनकारावर. भाऊंनी बुवांच्या अंगणात प्लास्टर ओतून त्याच्या पायाचा ठसा उचलला. तो गुणवंतरावांच्याच बकरीचा निघाला. मग मालिशचं तेल. पुरावा म्हणून बाटली भाऊंनी घरी नेली आणि स्वतःच्या कंबरेला चोळून संपवली.

तेवढ्यात लग्नांत स्वयंपाक करणारे इनायतभाई सहज बोलून गेले की मटण निबर असलं तर कच्ची पपई चोळावी, तिच्यातल्या एन्झाइमनं ते लवकर मऊ पडतं. भाऊ ताडकन उठले. गुणवंतराव रोज पपई खात, आणि ती शेजारच्या बायनाबाईंच्या झाडाची. बाई साठीच्या पुढच्या, धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, रोवणी-निंदण करणाऱ्या. एवढ्यावर निकाल लागला आणि आम्ही झाड तोडलं. बायनाबाई दारातून पाहत होत्या.

"भाऊ, मले एक डाव विचारलं तरी असतं," एवढंच म्हणाल्या.

आठ दिवस पपई बंद, गुडघा तसाच. शेवटी गुणवंतरावांना घेऊन सरकारी दवाखान्यात गेलो. भाऊंच्या काखेत बकरीचा ठसा. संघप्रिया डॉक्टरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"एन्झाइमचं तुमचं बरोबर आहे," त्या म्हणाल्या. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. "पण पपईचं पोटातच पचून जातं. गुडघ्यातलं एन्झाइम कूर्चेच्या पेशी स्वतःच तयार करतात. जुनं कापून काढायचं आणि नवं भरायचं, हे तिथलं रोजचं काम. वय, वजन, वर्षांचा ताण यांनी तोल गेला की कापणं वाढतं आणि भरणं मागे पडतं."

"म्हंजे चोर घरचाच," भाऊ म्हणाले, आणि हे आपल्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक असल्याचं त्यांनी वहीत टिपून घेतलं.

गेलेली कूर्चा परत आणणारं औषध नाही, डॉक्टर म्हणाल्या. वजन उतरवा, मांड्या बळकट होतील असे व्यायाम करा, तासन्‌तास उभं राहू नका. गुणवंतरावांचा चेहरा पडला. बसून कीर्तन होत नसतं, असं ते पुटपुटले.

बाजूच्या बाकावर बायनाबाई आपल्या नंबराची वाट पाहत होत्या. चिखलात वाकून वाकून त्यांचे दोन्ही गुडघे गेलेले. डॉक्टरांनी हेच सगळं त्यांना तीन वर्षांपूर्वी सांगितलं होतं.

"मी पाटावर बसून निंदण करतो, बुवा," त्या म्हणाल्या. "तन तेवढंच निंघते. तुमचा देव का उभ्या मानसाचंच आयकते?"

गुणवंतरावांनी डॉक्टरांना मांड्यांचे व्यायाम करून दाखवायला सांगितले.

महाशिवरात्रीला ते उंच स्टुलावर बसले. मंडपात कुजबुज झाली, ती पहिल्या अभंगापर्यंतच टिकली. नंतर बुवा असे रंगले की माझी पेटी मागे पडली. लच्छूभाऊ पहिल्या रांगेत, प्रकरण आपण कसं सोडवलं ते शेजाऱ्याला सांगत होते.

गोष्ट एवढीच. आता उठताना देवाला हात जोडाल, तेव्हा बायनाबाईंची आठवण ठेवा. बुवांचा एक गुडघा दुखला तर आम्ही जंग जंग पछाडलं. बाईंचे दोन्ही दुखत होते, आणि आम्ही त्यांच्या दारी गेलो ते कुऱ्हाड घेऊन.