अकरा गंज्यांचं गाव

मारामुरेशच्या डोंगरात तोआदेरचं एक कुरण होतं आणि ते शाश्वत होतं. होतं आधीपासूनच, पण आता तसा सरकारी कागद आला होता. जुन्या साम्यवादी राजवटीत कुरण सगळ्यांचं होतं, म्हणून तिकडे कुणी बघत नव्हतं. राजवट पडली, आज्याचा तुकडा तोआदेरला परत मिळाला आणि सगळे बघायला लागले. उपग्रहसुद्धा.

उपग्रहाला कुरणात अकरा गोल वस्तू दिसल्या. जूनमध्ये नव्हत्या, ऑगस्टमध्ये उगवल्या. म्हणून जिल्ह्याहून कोरिना नावाची तरुण तपासनीस आली. तोआदेर खांबाभोवती गवत रचत होता आणि त्याची बायको आनूत्सा वर उभी राहून ते तुडवत होती.

"काका, ही बांधकामं कुणाच्या परवानगीनं?"

"बाई, गवत आहे. आमची गाय जोयाना खाते. हिवाळाभर तिला दुसरं काय घालू?"

कोरिनाने हात लावून बघितलं. गवतच होतं. पण फॉर्मात रकाने तीनच: जंगल, कुरण, बांधकाम. कुरण सपाट असतं. तिची आजीही अशाच गंज्या रचायची, पण आजीसाठी रकाना नव्हता. तिने 'बांधकाम'वर खूण केली आणि विचारलं, आत राहतं कोण?

"उंदीर," आनूत्सा वरून म्हणाली. "मोठं खटलं आहे. सगळ्यांची नावं सांगू?"

कोरिनाने 'रहिवासी आहेत' असं लिहिलं.

पंधरा दिवसांत घरक्रमांकाच्या अकरा पाट्या आल्या. पाठोपाठ पत्र आलं की एकाही घराला संडास नाही, मागचं दार नाही. तोआदेर तणतणत कचेरीत गेला. तिथे कळलं की तक्रार रहिवाशांनीच करायची असते. तिसरं पत्र सरळ होतं. अकरा घरं म्हणजे गाव, आणि गावात कुरण नसतं. घरं पाडा, नाहीतर गाई चारणं बंद.

तोआदेरने गंज्या मोडल्या. दोन गोठ्याच्या माळ्यावर मावल्या. नऊ त्याने जमिनीवर पसरल्या, कारण सपाट म्हणजे कुरण. पावसाने ते गवत काळं पडलं. नाताळाच्या आधीच माळा रिकामा झाला आणि जोयाना खालच्या सपाटीवरच्या मोठ्या डेअरीला विकली गेली.

वसंतात उपग्रहाला हिरवंगार, सपाट, रिकामं कुरण दिसलं. जिल्ह्यात पहिला नंबर. कचेरीतले साहेब आले, फोटोवाला आला. फोटोवाल्याने विचारलं, गंजी कुठाय? गंजीशिवाय हे शाश्वत वाटणार कसं? मग ट्रकमधून प्लास्टिकची गंजी आली. तिला परवानगी होती. फोटोपुरती गाय डेअरीतून मागवली, ती निघाली जोयाना. तोआदेरला बघून ती हंबरली आणि थेट त्याच्याकडे चालत आली.

"काका, बाजूला व्हा," फोटोवाला म्हणाला. "तुमच्यामुळे खरं वाटत नाहीये."

जोयानाने गंजीचा एक घास तोडला. बराच वेळ चावला. मग साहेबांच्या बुटावर टाकला.

तो फोटो डेअरीच्या दुधाच्या खोक्यावर छापून आला. आनूत्साने दुकानातून तेच खोकं घेतलं, जोयाना होती ना त्यावर. दुकानाबाहेर शेजारीण बाटल्या मांडून बसली होती. गावातल्या शेवटच्या गाईचं, सकाळी काढलेलं दूध. बाटलीवर चित्र नव्हतं. आनूत्सा मान खाली घालून तिच्यासमोरून निघून गेली.

तिला नावं ठेवू नका. तुमच्या फ्रिजमधल्या पिशवीवर कोणती गाय हसतेय, ते आधी बघून या.