मजकुराएवढी उंची

"असं नाही गं उघडत," गादीवाला मामा म्हणाला. "झोप लागते ना, तसं उघडलं पाहिजे. कधी उघडलं ते कळताच कामा नये."

"झोप कशी लागते ते तुला कुठे आठवतंय, मामा?" भाची बोलून गेली आणि तिने लगेच जीभ चावली.

दुखरी जागा नेमकी तीच होती. मामाचे गाद्या-उशांचे दुकान गल्लीत सर्वांत जुने. अर्ध्या गावाला त्याने गाढ झोपवले आणि स्वतः मात्र आठ महिने टक्क जागा! दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. डॉक्टर झाले, कोमट दूध झाले, मैलोन् मैल चालणे झाले. शेवटी मामी म्हणाली, "अहो, जागेच आहात तर निदान काहीतरी लिहा." तेव्हापासून मामा दुकानाच्या वेबसाइटसाठी गिऱ्हाइकांच्या प्रश्नांची उत्तरे लिहीत सुटला होता.

वेबसाइट भाची करत होती. तिची ही पहिलीच. चालू असलेले एक तरी काम दाखवा, तर नोकरीचे बघू, असे एका कंपनीने तिला सांगितले होते आणि मुदत आज संध्याकाळी पाचची होती. मामाने "ठीक" म्हटल्याशिवाय वेबसाइट चालू होणार नव्हती. गेले तीन आठवडे मामाच्या तोंडून "ठीक" सोडून बाकी सगळे बाहेर पडले होते.

मागणे तसे साधे होते. प्रश्नावर क्लिक केले की खाली उत्तर हळुवार उलगडावे. पण ब्राउझर हटून बसला होता. "मजकुराएवढी उंची घे" म्हटले की घ्यायचा. पण "शून्यापासून तिथवर हळूहळू जा" म्हटले की त्याला आकडा हवा असायचा. 'मजकुराएवढी' हा काही आकडा नव्हे. मग उत्तर धाडकन उघडायचे.

"झोपमोड झाली असती माझी," मामा म्हणायचा. "लागली असती तर."

भाचीने आकडा दिला, दोनशे पिक्सेल. उलगडणे छान जमले, पण मामाची उत्तरे रोज लांबत होती आणि दोनशेच्या खालचे सगळे झाकले जात होते. हे कुणाच्याच लक्षात आले नाही. आज सकाळी मामीने भाचीच्या लॅपटॉपवर 'गादी परत घेता का?' हा प्रश्न उघडला. सात-आठ ओळी दुकानाचा इतिहास आणि शेवटी 'अवश्य! केव्हाही घेऊन या,' एवढे दिसले. तिने ते शेवटचे फोनवरच्या गिऱ्हाइकाला ठासून सांगितले. 'असे आमचे वडील म्हणत. आता तशी सोय नाही,' हे पुढचे तिला दिसलेच नाही. दुपारी एक गृहस्थ तीन वर्षे वापरलेली गादी डोक्यावर घेऊन दारात हजर झाले.

"तुमच्या घरच्यांनीच बोलावलंय," ते म्हणाले.

"वेबसाइटवर तसंच लिहिलंय!" मामी म्हणाली.

"अगं, पुढं वाचायचं की!" मामा ओरडला.

"पुढं काही असेल तर वाचीन ना!"

भाचीने घाईघाईने आकडा दहा हजार केला. झाले, आगीतून फुफाट्यात! आता ब्राउझर ठरल्या वेळात दहा हजारांची मजल मारायचा, त्यामुळे तीनशेचे उत्तर पापणी लवायच्या आत उघडून मोकळे. बंद करताना आधी नऊ हजार सातशे रिकामे पिक्सेल उतरायचे आणि तोवर पानावर काहीच हलायचे नाही. मामा क्लिक करायचा, वाट बघायचा, वैतागून पुन्हा क्लिक करायचा, की बंद व्हायला निघालेले उत्तर परत उघडायचे.

"माझ्यासारखंच आहे हे," मामा हळूच म्हणाला. "मिटायचं म्हटलं की मिटतच नाही."

भाचीला भरून आले. आठ महिन्यांत त्याने अशी तक्रार कधी केली नव्हती. ती पुन्हा शोधायला बसली आणि तीनच्या सुमाराला तिला ते सापडले. नव्या ब्राउझरला एका ओळीत सांगता येत होते की बाबा, आकडा मागू नकोस, मजकूर तूच मोज आणि तिथवर सावकाश जा. तिने ती ओळ लिहिली, दहा हजार खोडले, वेळ बारा सेकंद धरला. मामा नमुन्याच्या गादीवर रेलला आणि तिने लॅपटॉप त्याच्या पोटावर ठेवला.

पहिले उत्तर उलगडू लागले. एका ओळीखालून दुसरी येत होती, घाई नाही की अडखळणे नाही. मजकूर संपला तिथे कड आपोआप थांबली. मग सगळे तितक्याच संथपणे मिटले. काउंटरवरचे ऊन पायाशी उतरले. रस्त्यावरचे आवाज दूर दूर गेले. दुकानातल्या गाद्या जमिनीपासून वीतभर वर तरंगताहेत असे भाचीला वाटू लागले. भांडायला बाह्या सरसावून उभे असलेले गृहस्थ मामाच्या खांद्यावरून वाचता वाचता आपल्याच जुन्या गादीवर बसले आणि मग कलंडले.

"मामा, ठीक?"

मामा घोरत होता.

मामीने तोंडाला पदर लावला. तिचे डोळे भरून आले होते. "खबरदार उठवलंस तर," ती कुजबुजली.

"मामी, पाच वाजता माझं..."

"नोकऱ्या छप्पन्न मिळतील."

भाचीने मामाकडे पाहिले. त्याच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या होत्या. आपली नोकरी गेली याचे तिला फार वाईट वाटले, पण त्याला हलवायला तिचा हात काही उचलेना. पाचला पाच मिनिटे असताना तिने कंपनीत फोन लावला.

"मॅडम, वेबसाइट आज चालू नाही व्हायची."

"जरा मोठ्यानं बोला."

"नाही बोलता येत. मालक झोपलेत. माझं पान बघता बघता झोपले."

"किती वेळ झाला?"

"दीड तास. आठ महिन्यांत पहिल्यांदाच. एक गिऱ्हाईकही झोपलंय."

मॅडमचा आवाज एकदम घरगुती झाला. "चालू नसली तरी चालेल. जिथं चाचणी करताय तो पत्ता पाठवा. मी आत्ता बघते आणि लगेच निर्णय कळवते."

भाचीने पत्ता पाठवला. सव्वापाच झाले, साडेपाच झाले. पावणेसहाला तिने धीर करून पुन्हा फोन लावला. घंटा वाजत राहिली, वाजत राहिली, कुणीच उचलला नाही. भाचीने फोन खाली ठेवला आणि ती खुदकन हसली. नोकरी पक्की होती. फक्त तसे सांगायला कुणी जागे नव्हते.