निचऱ्याच्या तोंडाचा व्हॉल्व्ह आणि आमचे मेहुणे

मुलगी बघायला गेलेला माणूस मुलीकडे बघतो, निदान बशीतल्या पोह्यांकडे तरी बघतो. आमचे मेहुणे प्रभाकरराव मुलीच्या डोक्यावरून गेलेल्या पाण्याच्या पाइपाकडे बघत बसले होते. "काय विचारायचं ते मोकळेपणानं विचारा," असं मुलीचे वडील म्हणाले, तेव्हा ह्यांनी विचारलं, "हा व्हॉल्व्ह कोणी निवडला?"

"प्लंबरने," वडील गोंधळून म्हणाले.

"तरीच!" असं म्हणून प्रभाकररावांनी बशी खाली ठेवली.

नकार अर्थातच तिकडून आला. परत येताना रिक्षात ते माझ्या बायकोला, म्हणजे स्वतःच्या धाकट्या बहिणीला समजावत होते, "सुमे, ज्यांना साधा व्हॉल्व्ह धड निवडता येत नाही, ते जावई काय निवडणार?"

त्यानंतर त्यांना कोणी मुलगी दाखवली नाही, आणि मुलींच्या घरच्या पाइपांचं त्यामुळे कल्याणच झालं असेल.

भिवंडीतल्या एका कापड रंगवण्याच्या कारखान्यात ते स्टोअरचे साहेब होते. सगळा कारखाना पाइपांचा. त्यामुळे जगात दोनच प्रकारची माणसं आहेत असं त्यांचं मत झालं होतं: निचऱ्याच्या तोंडाचा बॉल व्हॉल्व्ह वापरणारी आणि मूर्ख. पहिल्या प्रकारात ते एकटेच होते. राहायला अंजूरला, भाड्याच्या खोलीत. दर रविवारी सकाळी शेअर रिक्षाने धामणकर नाक्याला उतरायचे आणि आमच्याकडे यायचे. हातात मुलांसाठी खाऊ नाही, पिशवीत पाना. आल्या आल्या "कसे आहात" राहिलं बाजूला, मोरीत जाऊन नळ पिळायचे.

"दाजी, नळ बंद केलात. छान केलंत. पण अडकलेल्या पाण्याचं काय?"

हे त्यांचं पालुपद. उत्तर कोणी द्यायचं नसे. एकदा जेवताना त्यांनी आमटीतली शेवग्याची शेंग उचलली. "हा पाइप. इथं दात लावला की व्हॉल्व्ह बंद. मागची आमटी मागे थांबली. पण पुढच्या तुकड्यात भरलेली आमटी? ती तिथंच! आता कुणी पुढचा सांधा खोलला तर?" आणि त्यांनी शेंग दाबली. आमटी माझ्या धुतलेल्या सदऱ्यावर. "बघितलंत? म्हणून व्हॉल्व्हला पुढच्या अंगाला एक छोटं तोंड हवं. आधी व्हॉल्व्ह बंद करायचा, मग ते तोंड उघडायचं, अडकलेलं काढून टाकायचं, मगच पाना लावायचा. पितळेचा घ्या. बाण बघून घ्या. पाणी जिकडे जातं तिकडे बाण. उलटा लावला तर कचरा. डोकं वापरा!"

सुमन कौतुकाने ऐकायची. मी सदरा धुवायचो.

आता दुर्दैव बघा, ह्या माणसाची खरंच गरज पडली. आमच्या इमारतीत तळमजल्याला रफिकशेठचं कापडाचं गोदाम होतं. छतापर्यंत तागे. त्या छताखालून एक पाइप मागच्या खोल्यांना पाणी द्यायचा. तो गळायला लागला. प्लंबरने बाहेरच्या बोळातली चावी बंद केली, गोदामात शिडी लावली, सांधा खोलला आणि पाइपात भरलेलं सगळं पाणी कोऱ्या कापडावर आलं. रफिकशेठ त्या दिवशी जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. शेवटी एवढंच म्हणाले, "पुढच्या वेळेला एक थेंब जरी पडला ना, तर तुमच्या मागच्या खोल्यांचं पाणी मी कायमचं तोडणार. माझी गच्ची, माझी टाकी."

मागच्या खोल्यांत आम्हीच राहत होतो.

सुमनने भावाला निरोप धाडला. प्रभाकरराव रविवारची वाटसुद्धा न बघता आले. बोळात उभे राहून त्यांनी आमच्या जुन्या चावीकडे असं बघितलं, जसं एखादा डॉक्टर वैदूच्या पेशंटकडे बघतो. मुंबईच्या बाजारातून स्वतः व्हॉल्व्ह आणला. चकचकीत पितळ, लाल दांडी, पोटाला छोटं तोंड आणि त्यावर टोपी. सगळ्या बिऱ्हाडांना तो हातात घेऊन बघायला लावला.

"बाण कुठल्या बाजूला ठेवू, साहेब?" प्लंबरने विचारलं.

प्रभाकररावांनी मागच्या अंगणाकडे बघितलं. तिथं पंप होता. "पाणी पंपाकडून येणार. म्हणजे मागून पुढे. बाण पुढे. डोकं वापर!"

"जैसा बोलो," प्लंबर म्हणाला.

पंपाचं पाणी आधी गच्चीवरच्या टाकीत चढतं आणि हा पाइप त्या टाकीतून खाली येतो, म्हणजे पुढून मागे, हे पंधरा वर्षं नळ पिळणाऱ्या ह्या महापंडिताने एकदाही वर चढून बघितलं नव्हतं.

प्रात्यक्षिकाला सगळे बोळात जमले. रफिकशेठ गोदामाच्या दारात, हाताची घडी घालून. प्रभाकररावांनी घसा साफ केला. "आता बघा. व्हॉल्व्ह बंद." दांडी आडवी झाली. "आता अडकलेल्या पाण्याचं काय?" आणि त्यांनी टोपी फिरवली.

टोपी उडून गटारात गेली. पाणी सुटलं ते थेट त्यांच्या चष्म्यावर. निचऱ्याचं तोंड टाकीच्या बाजूला आलं होतं, त्यामुळे अडकलेलं पाणी जागच्या जागी राहिलं आणि गच्चीवरची अख्खी भरलेली टाकी बोळात उतरायला लागली. खरं सांगतो, मला हसू आलं. मग पाणी गोदामाच्या उंबऱ्याकडे वळलेलं दिसलं आणि हसू गेलं.

मी गच्चीवर धावलो. टाकीची चावी गंजून घट्ट बसली होती, हलेना. खाली आलो तर प्रभाकरराव व्हॉल्व्हला मिठी मारून उभे. तळहात तोंडावर दाबलेला, फटीतून पाणी नाकातोंडात जातंय, आणि ते ओरडतायत, "तागे उचला! माझ्याकडे बघू नका, तागे उचला!" सगळी बिऱ्हाडं गोदामात घुसली. शेवटचा तागा ओट्यावर जाईपर्यंत त्या माणसाने हात काढला नाही. काढला तेव्हा तळहाताला पितळेचा गोल वळ होता.

एकही तागा भिजला नाही. रफिकशेठनी ओट्यावरचे तागे चाचपले, मग म्हणाले, "लावा सरळ करून. पाणी नाही तोडत." पण प्रभाकररावांनी ते ऐकलंच नाही. पिशवी उचलून ते ओल्या कपड्यांनी निघून गेले.

पुढच्या रविवारी आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. मी आरामात पेपर वाचला. सुमन मात्र सारखी दाराकडे बघायची. एका दुपारी तिने माझ्या हातात डबा दिला. "दादाला देऊन या."

अंजूरला त्यांच्या खोलीवर मी कधीच गेलो नव्हतो. आम्ही कोणीच गेलो नव्हतो. दरवेळी तेच यायचे. शेजारच्या बाईने दार दाखवलं. "हाय ना साहेब घरात. पन त्यांच्याकं कोन पाव्हना येत न्हाय. तुमी कोन?"

दारात मला बघून प्रभाकरराव दचकले. "सुमी बरी आहे ना?"

"बरी आहे. डबा दिलाय."

आत कोपऱ्यात प्लास्टिकच्या चार खुर्च्या एकात एक रचून ठेवलेल्या. प्रत्येकीवर दुकानातली पिशवी अजून चढवलेलीच. त्यांनी वरची खुर्ची ओढून काढली, पिशवी फाडली. मग फळीवरून कपांचं खोकं उतरवलं. सहा कप, कागदात गुंडाळलेले. एका कपावरची दुकानाची चिठ्ठी ते नखाने खरवडत राहिले. ती निघेना.

"कधी घेतलेत?" मी विचारलं.

"झाली काही वर्षं. इथं राहायला आलो तेव्हा. म्हटलं, तुम्ही लोक याल कधी..."

स्टोव्हवर चहा ठेवून ते साखरेचा डबा हातात धरून उभे राहिले. "दाजी, तुम्ही साखर किती घेता? तुमच्या घरी इतका चहा प्यायलो, पण कधी बघितलंच नाही."

"दोन चमचे."

त्यांनी अगदी मोजून दोन घातले. चहा करपट झाला होता. मी पुरता प्यायलो आणि म्हणालो, "येत्या रविवारी तुम्ही येऊ नका."

त्यांनी मान खाली घातली. "बरोबर आहे."

"आम्ही येतो इकडे. सुमन, मुलं, सगळेच. जेवायलाच येतो."

ते उठून कोपऱ्यात गेले, दुसरी खुर्ची सोडवून घेतली आणि तिच्यावरची पिशवी फाडायला लागले.