शेवटच्या सायकलीमागची बाई

भीती म्हणजे काय ते कप्तानांना ठाऊकच नव्हतं. असं खुद्द कप्तानच सांगायचे, आणि दर रविवारी सांगायचे. तसं त्यांचं चष्म्याचं दुकान. पण रविवार उजाडला की चट्टेरीपट्टेरी जर्सी चढवून, जाड टायरची सायकल काढून, सात-आठ जणांचा ताफा घेऊन ते डोंगरातल्या खडीच्या रस्त्यांवर निघत. कप्तान हे नावही त्यांनी स्वतःच स्वतःला ठेवलेलं. दुसरं कुणी ठेवेल म्हणून वाट बघत बसले असते तर जन्म गेला असता!

आता त्यात एक गोम होती. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून चढ आला की कप्तान मागे पडत. पार शेवटी. मग त्यांनी शक्कल लढवली आणि कप्तानाची जागा शेवटीच असते, असं जाहीर करून टाकलं. कुणी मागे राहिलं, कुणाची चेन उतरली, ते बघणं हे काय ऐऱ्यागैऱ्याचं काम आहे का? लोकांनी माना डोलावल्या. पण या रविवारी शाळेतले कवायतमास्तर म्हणाले, आज शेवटी मी राहतो, तुम्ही पुढे होऊन रस्ता दाखवा. मास्तरांच्या मनात काही नव्हतं हो. पण पुढे व्हायचं म्हणजे पहिल्याच चढावर बिंग फुटणार, आणि मग कसले कप्तान नि काय! सगळी इज्जत त्या शेवटच्या जागेवर अडकलेली.

चढाच्या पायथ्याशी एक दगडी पूल होता. तिथे सगळे पाणी प्यायला थांबले. दरीतून धुकं वर सरकत होतं. कप्तानांनी एकदा धुक्याकडे बघितलं आणि आवाज खाली आणला.

“राहा मास्तर शेवटी, माझी ना नाही. फक्त ती बाई बोलली तर मागे वळून बघू नका.”

कोण बाई, असं कुणीतरी विचारणारच. कप्तानांनी जागच्या जागी एक बाई तयार केली. ती म्हणे या चढावर शेवटच्या सायकलीच्या मागे लागते. दिसत नाही, नुसती बोलते. आधी आपलाच शब्द आपल्याला परत ऐकवते. तिथवर ठीक. पण ती स्वतःचा शब्द बोलली की संपलं. काय संपलं ते कप्तानांना ऐन वेळी सुचेना, म्हणून त्यांनी नुसता सुस्कारा सोडला. त्यानेच जास्त काम केलं. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी पाणी न पिताच बाटलीचं झाकण लावलं, आणि मास्तर म्हणाले, चाललंय तसंच चालू द्या.

खुशीत येऊन कप्तान जरा बाजूला गेले आणि त्यांनी घरी फोन लावला. गुडघा पुरता बरा होईपर्यंत चढ चढणार नाही, फक्त कालव्याकाठच्या सपाट रस्त्याने जाईन, असा त्यांनी बायकोला शब्द दिला होता. शब्द मोडला तर सायकल माळ्यावर जाईल, असं ती म्हणाली होती, आणि ती बोलेल ते करणारी होती. कप्तानांचा फोन कायम स्पीकरवर. “कालव्याकाठीच आहे गं, एकदम सपाट. ठेवतो,” असं म्हणून त्यांनी तो पाठीमागच्या खिशात कोंबला आणि सायकलीवर टांग टाकली.

वर धुकं इतकं दाट होतं की पुढचं माणूस दिसेना. डॉक्टरीणबाईंच्या सायकलीचा लाल दिवा तेवढा मधूनच दिसे, मधूनच नाहीसा होई. टायरखाली खडी करकरत होती, बाकी पाखरूसुद्धा नाही. पुढच्याला काही दिसलं की त्याने ओरडायचं आणि तो शब्द एकेकाने मागे द्यायचा, असा यांचा नियम. तसा एक शब्द वरून उतरत उतरत डॉक्टरीणबाईंपर्यंत आला.

“खड्डा,” कप्तानही सवयीने म्हणाले. त्यांच्यामागे कुणी नव्हतंच.

“खड्डा?” मागून बाईचा आवाज आला.

कप्तानांच्या अंगावर सर्रकन काटा आला. आवाज लांबचा नव्हता. पार पाठीशी होता, आणि तोंडावर हात धरून बोलावं तसा दबका. डोंगरावर आवाज घुमतो, असं त्यांनी मनाला बजावलं. पण घुमणारा आवाज आपल्यालाच उलट प्रश्न कसा विचारेल? पुन्हा तोंड उघडायचंच नाही, असं ठरवतायत तोवर पुढून ‘वळण’ आलं आणि त्यांच्याही तोंडून ते निसटलं.

“वळण?” या वेळी आवाजात राग होता.

लाल दिवा दिसेनासा झाला. पेडल मारायचं त्यांनी क्षणभर थांबवलं. त्यांच्या टायरची करकर बंद पडली, आणि मागची एक करकर जरा उशिराने बंद पडली. नाही, भास असेल. तेवढ्यात कानापाशी कुणीतरी म्हणालं, “थांबा.”

पुढून हा शब्द आलाच नव्हता. आवाजात राग नव्हता, घाई नव्हती. ओळखीच्या माणसाला दारात अडवावं तसा मऊ होता.

मग गुडघा, ऑपरेशन, वय, सगळं त्या धुक्यात राहिलं! कप्तान उभ्याने पेडल मारत सुटले. डॉक्टरीणबाई मागे पडल्या, मास्तर मागे पडले, आणि माथ्यावर सगळ्यांच्या आधी कप्तान पोचले. एकेक जण धापा टाकत वर आला आणि टाळ्या वाजवायला लागला. मास्तरांनी तर कप्तानांचा हातच धरला. चार डोकी भोवती दिसल्यावर कप्तानांच्या जिवात जीव आला, आणि जीव आल्याबरोबर जीभही सैल सुटली.

“अहो, असले चढ म्हणजे आपल्याला काहीच नाही.”

“चढ?” त्यांच्या पाठीतून आवाज आला. डॉक्टरीणबाई किंचाळल्याच. “अहो, कालव्याला चढ कुठून आला? फोन तरी बंद करायचा. मघापासून ऐकतेय, खड्डा काय, वळण काय. या घरी, बघते.”

त्या दिवशी सायकल माळ्यावर गेली. कप्तानांनी मुकाट्याने शिडी धरली, आणि धरता धरता विचारलं, ते ‘थांबा’ असं एवढं मऊ कशाला म्हणालीस?

बायको शिडीवरूनच म्हणाली, “मी कशाला म्हणू? तुम्ही माझं ऐकून आजवर कधी थांबलात का?”

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी गुडघा वाकवून बघितला आणि आधीपेक्षा मोकळा झालाय, खुशाल चढ चढा, असं सांगितलं. बायकोने स्वतः सायकल खाली काढली, पुसली, चाकात हवा भरून दारात लावली. रविवारी सगळी मंडळी बोलवायला आली. चला कप्तान, शेवटची जागा तुमचीच, म्हणाली.

कप्तानांनी एकदा सायकलीकडे बघितलं, एकदा आत बघितलं. मग दार अर्धं लोटून घेत हळूच म्हणाले, “बायको सोडत नाही हो. नाहीतर भीती म्हणजे काय, ते आपल्याला ठाऊकच नाही.”